इरावतीबाईंचा प्रबंध

आपल्या मंडळाची स्मरणिका निघाली म्हणजे तीत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, असा परिपाठ आहे. यंदा ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी डॉ. इरावती कर्वे यांचे नाव सुचविले. नाव कोणाला नवे नव्हते. 'युगान्त' आपल्या ग्रंथपेटीतून किती हातांतून फिरले असेल याची गणती नाही. परंतु हे पुस्तक लिहिणाऱ्या बाईंच्या नावामागे जी 'डॉक्टर' ही पदवी आहे, ती त्यांनी कोठे, कशी आणि काय पणाला लावून मिळविली, हे आपल्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. ती हकीकत मोठी विलक्षण आहे, आणि आज ती सांगण्याला एक निमित्तही आहे. आपल्यांतल्या कित्येकींच्या मुली, सुना आज पीएच.डी.साठी नावे नोंदवून बसल्या आहेत. घरात 'प्रबंध' हा शब्द रोज ऐकू येतो. पण प्रबंध म्हणजे जाडजूड पुस्तक आणि शेवटी एक समारंभ, एवढेच आपल्याला कळते. त्याच्या आत काय असते, ते इरावतीबाईंच्या या कथेवरून चांगले उमगते. म्हणून त्यांचे सबंध चरित्र थोडक्यात सांगून त्यांच्या बर्लिनच्या प्रबंधापाशी मी जरा जास्त थांबणार आहे.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात मिंज्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर हे तिकडे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. ब्रह्मदेशाची जीवनदायिनी नदी इरावती. तिचेच नाव मुलीला ठेवले. घरात भाऊच भाऊ, मुलगी ही एकच. शिक्षणासाठी मुलांना देशी पाठवावे लागे. मुलीलाही तसेच पाठवावे, असे वडिलांच्या मनात आले ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हे. सातव्या वर्षी इरावती पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत वसतिगृहात येऊन राहिली. सात वर्षांची पोर, आईबाप समुद्रापलीकडे! आपण आपल्या मुलींना मामाच्या गावी पाठवतानाही दोनदा विचार करतो.

पुण्यात तिला एक दुसरे घर लाभले. रँग्लर परांजपे यांची कन्या शकुंतला ही तिची मैत्रीण. परांजपे कुटुंबाने या मुलीला आपल्या घरात लेकीसारखे ठेवून घेतले. रँग्लर परांजपे म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत 1899 साली अग्रस्थान मिळविलेले गृहस्थ आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. त्या घरात पुस्तके होती, वाद होते, आणि कोणतीही गोष्ट केवळ वडिलधाऱ्यांनी सांगितली म्हणून खरी मानण्याची रीत नव्हती. पुढे बर्लिनला जे घडले त्याचे बीज मला तरी या घरात दिसते.

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन इरावतीबाई 1926 साली बी.ए. झाल्या. त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि त्या मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकू लागल्या. समाजशास्त्राचा तो विभाग 1919 साली पॅट्रिक गेडीस यांनी सुरू केलेला. इरावतीबाईंच्या वेळी तेथे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी एम.ए.साठी प्रबंध लिहिला, तो चित्पावन ब्राह्मणांवर. स्वतः चित्पावन, लग्न झाले तेही चित्पावन घरात. आणि अभ्यासाला घेतला तोही आपलाच समाज. आपल्याच माणसांकडे परक्यासारखे पाहायचे, त्यांच्या चालीरीती, दंतकथा, रंगरूप यांची नोंद करायची, आणि तीत कौतुकाचा रंग भरायचा नाही, ही शिस्त या पहिल्या प्रबंधातच अंगी बाणली. 1928 साली त्या एम.ए. झाल्या.

मधल्या काळात, 1926 साली, त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला होता. दिनकरराव हे महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे चिरंजीव, फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक. ते स्वतः जर्मनीला जाऊन डॉक्टर होऊन आले होते. पत्नीची बुद्धी आणि तिची तळमळ त्यांनी ओळखली, आणि हिनेही जर्मनीला जावे असे त्यांच्या मनाने घेतले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर चरित्र खोटे पडेल. अण्णासाहेबांचा या बेताला विरोध होता. ज्यांनी 1893 साली विधवेशी पुनर्विवाह केला, 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला, 1916 साली स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ उभारले, तेच अण्णासाहेब स्वतःच्या सुनेने डॉक्टर होण्यासाठी परदेशी जावे या विचाराला अनुकूल नव्हते. यात अण्णासाहेबांचा मोठेपणा कमी होतो असे मला वाटत नाही. जगासाठी झगडणाऱ्या माणसालाही घरातली गोष्ट वेगळी वाटते, हे आपण बायकांनी अनेक घरांत पाहिले आहे. दिनकरराव मात्र मागे हटले नाहीत. पैशाची सोय घरून होण्याजोगी नव्हती, तेव्हा डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतले. हेच जीवराज मेहता पुढे 1960 साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. अशा रीतीने, सासऱ्यांची नाराजी मागे ठेवून आणि डोक्यावर कर्ज घेऊन, चोवीस वर्षांच्या आतली ही सून आगबोटीने युरोपला निघाली.

प्रबंधाच्या वाटेवर चार मुक्काम असतात. पहिला नावनोंदणीचा, दुसरा प्रत्यक्ष कामाचा, तिसरा प्रबंध सादर करण्याचा आणि चौथा परीक्षकांसमोर त्याचे समर्थन करण्याचा. आपल्याकडे आज मुली आधी पात्रता परीक्षा देतात, मार्गदर्शक मिळवितात, विषयाचा आराखडा समितीपुढे मांडतात. मग नोंदणी पक्की होते. जर्मनीत रिवाज वेगळा होता. तेथे विद्यार्थी एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम करू लागे आणि त्या प्राध्यापकाला 'डॉक्टर-पिता' अशा अर्थाच्या शब्दाने ओळखत. नावाप्रमाणेच त्याची सत्ता बापाची. विषय त्याच्या संमतीने ठरे, साहित्य त्याच्या संस्थेतले, आणि ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की प्रबंध तपासून शेरा देणारा पहिला परीक्षकही तोच असे. आपल्याकडे बाहेरगावचे परीक्षक नेमतात, त्यामुळे विद्यार्थ्याला थोडा तरी आसरा असतो. तेथे मार्गदर्शकाची मर्जी गेली तर दाद मागायला जागा फारशी नसे.

इरावतीबाईंचे 'डॉक्टर-पिता' होते प्राध्यापक ऑयगेन फिशर. बर्लिनच्या डालेम भागात 1927 साली एक मोठी संस्था नव्याने निघाली होती. मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांचा अभ्यास करणारी कैसर विल्हेल्म संस्था. फिशर तिचे पहिले संचालक आणि बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक. त्यांचा दबदबा मोठा. 1908 साली त्यांनी नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन, गोरे व तद्देशीय यांच्या संबंधातून झालेल्या रेहोबोथ येथील लोकांची मापे घेतली होती आणि 1913 साली त्यावर ग्रंथ लिहिला होता. मिश्र संततीविषयीची त्यांची मते त्या ग्रंथात उघड होती. मानवजातीत उच्च आणि नीच वंश असतात व ते शास्त्राने सिद्ध करता येते, अशी त्यांची धारणा. तेव्हाच्या युरोपात ही धारणा एकट्या फिशर यांची नव्हती. थोरथोर विद्वान असे मानीत.

अशा संस्थेत गव्हाळ रंगाची, पारतंत्र्यातल्या देशाची एक मराठी बाई विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. मुख्य विषय मानवशास्त्र. जोडीला प्राणिशास्त्र, तत्त्वज्ञान, संस्कृत यांचाही अभ्यास. जर्मन भाषा शिकून घ्यावी लागली, कारण प्रबंध त्याच भाषेत लिहायचा होता. महायुद्धातल्या पराभवानंतरचे ते बर्लिन. 1929 साली जगभर मंदी आली, कारखाने बंद पडू लागले, पक्षोपक्षांच्या मारामाऱ्या रस्त्यावर होऊ लागल्या. मुंबईकडचे पत्र पोहोचायला आठवडे लागत. इकडे कर्जाचा आकडा होताच.

आता विषय काय होता ते सांगते. तो होता मानवी कवटीची नैसर्गिक असमानता. ऐकायला कठीण वाटतो, पण आपल्या स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सहज कळेल. नारळ फोडला की दोन भकले होतात. ती कितीही बेताने फोडली तरी अगदी सारखी कधी असतात काय? माणसाच्या डोक्याचेही तसेच आहे. कवटीच्या मधोमध एक रेषा कल्पिली तर डावा भाग व उजवा भाग तंतोतंत सारखे नसतात. कोठे एक बाजू किंचित फुगीर, कोठे दुसरी. हा काही रोग नव्हे, ही निसर्गाची रीत आहे. फिशर यांचा तर्क असा होता, की हा फरक वंशाप्रमाणे बदलतो. युरोपातली गोरी माणसे अधिक तर्कबुद्धीची, म्हणून त्यांच्या मेंदूची व त्यावरच्या कवटीची घडण इतरांहून वेगळी असली पाहिजे, आणि ते त्या असमानतेवरून दिसून आले पाहिजे. त्यांना आपल्या या तर्काला मापांचा आधार हवा होता, आणि तो आणून देण्याचे काम या विद्यार्थिनीकडे आले.

काम किती किचकट असेल याची कल्पना करावी. इरावतीबाईंनी 149 कवट्या तपासल्या. त्यांत युरोपियनांच्या होत्या आणि युरोपबाहेरच्या लोकांच्याही होत्या. प्रत्येक कवटी ठराविक रीतीने बसवायची, तीवर शास्त्राने ठरवून दिलेले बिंदू शोधायचे, आणि कॅलिपर नावाच्या परकारासारख्या साधनाने एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजायचे; डावीकडचे आणि उजवीकडचेही. मिलिमीटरची चूक झाली तर सगळे मुसळ केरात, कारण जो फरक शोधायचा तोच मुळी मिलिमीटरांचा. मग सगळे आकडे तक्त्यांत मांडायचे, सरासरी काढायची, एका गटाशी दुसरा गट ताडून पाहायचा. गणकयंत्र हाताने फिरवायचे ते दिवस.

या कवट्या आल्या कोठून, असा प्रश्न आपल्यांतल्या एखादीच्या मनात येईल, आणि तो यायलाच हवा. बर्लिनच्या संग्रहांत हजारो कवट्या जमविल्या होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळ जर्मनीच्या आफ्रिकेतल्या व इतर वसाहतींतून आणलेल्या. लढाईत पडलेल्यांच्या, कबरी उकरून काढलेल्या, नातलगांना न विचारता उचललेल्या. ज्या मेलेल्या माणसांना त्यांच्या घरच्यांच्या हातून मूठभर मातीही मिळाली नाही, त्यांनाच साक्षीदार करून त्यांच्याच भावंडांना हीन ठरवायचे, असा तो प्रकार होता.

पण साक्षीदारांनी साक्ष भलतीच दिली. इरावतीबाईंची मापे जशी वाढत गेली तसे एक दिसू लागले. असमानता सगळीकडे होती. ती युरोपियनांत होती, तशीच इतरांतही होती. अमुक वंशाची असमानता अशी आणि तमुक वंशाची तशी, असा काही नियम आकड्यांतून निघेना. म्हणजे गुरूंचा तर्क टिकत नव्हता.

येथे क्षणभर थांबून आपण त्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. सासऱ्यांच्या इच्छेविरुद्ध आलेली बाई. नवऱ्याने स्वतःच्या शब्दावर कर्ज काढलेले. हातात पदवी न घेता परतली तर विरोध करणाऱ्यांचेच म्हणणे खरे ठरणार. ज्याच्या सहीवर सगळे अवलंबून, त्याच्याच मताविरुद्ध निष्कर्ष. आकडे थोडे गोलमोल करून, भाषा थोडी संदिग्ध ठेवून वेळ मारून नेता आली असती; पुण्यामुंबईत कोणाला कळणार होते? आणि आणखी एक. तो तर्क खरा ठरला असता तर खालच्या पायरीवर जी माणसे बसवली जाणार होती, त्यांत त्या स्वतः होत्या, त्यांचे आईबाप होते, आपण सगळे होतो. म्हणून उत्तर आपल्या बाजूचे यावे असा मोहही होताच की. मोह दोन्ही बाजूंनी होते. गुरूला खूष करण्याचा, आणि गुरूला खोटे पाडण्याचाही. इरावतीबाईंनी दोन्ही बाजूंना ठेवले आणि मापे जे सांगतील तेच लिहिले. कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

प्रबंध सादर झाला. जर्मन विद्यापीठांत त्यानंतर तोंडी परीक्षा असे. केवळ आपल्या प्रबंधापुरती नव्हे, तर मुख्य विषय व जोडविषय या सगळ्यांची. परक्या भाषेत, मोठमोठ्या प्राध्यापकांसमोर बसून प्रश्नांना उत्तरे द्यायची. आपल्याकडे आता खुली मौखिक परीक्षा असते. निदान आईवडील, मैत्रिणी मागच्या बाकांवर बसून धीर देतात. इरावतीबाईंच्या मागे तेथे कोणी बसलेले नव्हते. 1930 साली बर्लिन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली, आणि प्रबंध 1931 साली जर्मन भाषेत छापून निघाला. फिशर यांनी शेरा देताना मात्र हात आखडता घेतला. वरची श्रेणी त्यांनी दिली नाही. पण काम इतके चोख होते की नापास करण्याला जागा नव्हती. मला वाटते, प्रबंधाचे समर्थन याहून मोठे काय असू शकते? ज्याला निष्कर्ष पटला नाही त्यालाही मान्यतेची सही करावी लागली.

या छोट्याशा प्रबंधाची किंमत तेव्हा कोणाच्या लक्षात आली नसेल. पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे ती कळते. 1933 साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी सक्तीने निर्बीजीकरण करण्याचा कायदा झाला. 1937 साली ऱ्हाईन नदीच्या परिसरातल्या मिश्र वंशाच्या मुलांना गुप्तपणे निर्बीज करण्यात आले, आणि त्यांची 'तपासणी' करणाऱ्या तज्ज्ञांत फिशर होते. 1942 साली ते निवृत्त झाले व फेर्शुअर हे संचालक झाले. त्यांचा शिष्य मेंगेले आउश्विट्झच्या छळछावणीत डॉक्टर होता, आणि तेथे मारलेल्यांच्या शरीराचे अवयव या संस्थेकडे तपासणीसाठी पाठवीत असे. कवट्या मोजण्यापासून सुरू झालेली वाट अशी तेथवर गेली. खोट्या तर्काला शास्त्राचा शिक्का मिळाला की काय अनर्थ होतो, ते जगाने पाहिले. तो शिक्का द्यायला एका मराठी विद्यार्थिनीने, अनर्थ घडण्याच्या आधीच, नकार दिला होता. तिच्या नकाराने तो थांबला नाही हे खरे. परंतु त्या दप्तरात एक खरा कागद राहिला.

पदवी घेऊन इरावतीबाई परत आल्या. 1931 ते 1936 या काळात त्या मुंबईस महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. तेच अण्णासाहेबांचे विद्यापीठ, जे ठाकरसी यांच्या देणगीनंतर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने ओळखले जाते. फायलींच्या कामात त्यांचे मन रमले नाही. 1939 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजची संशोधन संस्था सुरू झाली, तेथे त्या समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या आणि मग निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या. जाई, आनंद आणि गौरी ही तीन मुले त्यांनी याच वर्षांत वाढविली. पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटर चालविणाऱ्या त्या पहिल्या बाई, असे पुणेकर अजून सांगतात.

बर्लिनहून त्यांनी जे आणले ते कॅलिपर आणि शिस्त. महाराष्ट्रभर, आणि बाहेरही, त्या हिंडल्या. एस.टी.ने, आगगाडीने, पायी; शाळेच्या ओसरीवर, देवळात मुक्काम करून लोकांची मापे घेतली, घराण्यांची नाती लिहून घेतली, ओव्या गोळा केल्या. 1953 साली भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. मामेबहिणीशी लग्न कोठे चालते, कोठे चालत नाही, सुनेने कोणापुढे पदर घ्यायचा, माहेरची आणि सासरची नाती भाषेगणिक कशी बदलतात, हे सगळे आपण बायका जे बोलता बोलता जाणतो, त्याचे त्यांनी शास्त्र केले. पंढरीच्या वारीला त्या दिंडीबरोबर चालत गेल्या. भक्तीचा आनंद त्यांनी लिहिलाच, पण एकाच दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायका वेगळ्या पंगतीला बसतात, हेही लिहिले. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी करून 1969 साली कन्या जाई निंबकर यांच्याबरोबर अहवाल प्रसिद्ध केला. 1967 साली 'युगान्त' आले. त्याला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. द्रौपदी, गांधारी, कुंती यांना देव्हाऱ्यातून उतरवून त्यांनी माणसांत आणले. मला तर तेथेही बर्लिनचीच सवय दिसते. भीष्म कितीही थोर असोत, त्यांनी केले काय आणि त्याचे फळ कोणी भोगले, ते मोजून पाहायचे.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. माणसांच्या शरीराची मापे घेऊन त्यांचे गट पाडण्याची जी पद्धत इरावतीबाई बर्लिनला शिकल्या, ती त्यांनी पुढे जन्मभर वापरली. जातीजातींचे रक्तगट व मापे ताडून पाहणारे लेख त्यांनी अगदी शेवटच्या वर्षांपर्यंत लिहिले; त्यांतला एक विद्यार्थी कैलाश मल्होत्रा यांच्यासह 1968 साली प्रसिद्ध झाला. आजचे शास्त्रज्ञ या पद्धतीकडे साशंकतेने पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी त्या साधनाचा उपयोग कोणाला वर आणि कोणाला खाली बसविण्यासाठी केला नाही. उलट, ब्राह्मण या एका नावाखाली येणाऱ्या पोटजातीही शरीराने एकजिनसी नाहीत, असे त्यांना दिसले ते त्यांनी स्पष्ट मांडले. आपल्या नावाचा, कुळाचा फुगा त्यांनी आधी फोडला.

11 ऑगस्ट 1970 रोजी त्या गेल्या. बर्लिनच्या प्रबंधाची गोष्ट त्यानंतर कित्येक वर्षे तशी झाकलेलीच राहिली. 2024 साली त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि थिआगो पिंतो बार्बोसा यांनी मिळून इंग्रजीत त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा ती पुष्कळांना कळली. डालेमची ती इमारत अजून उभी आहे. आता ती तेथल्या मुक्त विद्यापीठाकडे आहे आणि तिच्यावर तेथे काय घडले ते सांगणारा फलक लावलेला आहे. 2014 साली त्या परिसरात खोदकाम होत असता मानवी हाडांचे तुकडे सापडले. पुढच्या उत्खननांत हजारो निघाले. त्या माणसांचा वंश कोणता होता, हे ठरविण्यासाठी आणखी चाचण्या करायच्या नाहीत, असे संबंधितांनी मिळून ठरविले, आणि 2023 साली ते सगळे तुकडे एकत्र सन्मानाने पुरले. इरावतीबाईंच्या प्रबंधाला मिळालेली खरी श्रेणी ती हीच, असे मी मानते.

आता भगिनींनो, थोडे आपल्या घराविषयी. ज्या घरात मुलगी किंवा सून प्रबंधाला बसली आहे, त्या घराने तिला वेळ द्यावा, हे तर खरेच; दिनकररावांनी दिला. पैशाची ओढाताण सोसावी, तीही त्यांनी सोसली. पण त्याहून मोठी गोष्ट आणखी एक आहे. कधी त्या मुलीचे आकडे तिच्या मार्गदर्शकांना रुचणार नाहीत, कधी आपल्या घराला, आपल्या जातीला, आपल्या देवघरालाही रुचणार नाहीत. तेव्हा तिला असे सांगू नये की बाई, एवढे कशाला, लवकर संपव आणि मोकळी हो. वर्षभर उशीर झाला तर होऊ द्यावा. श्रेणी खालची मिळाली तर मिळू द्यावी. तिने जे मोजले ते तिला लिहू द्यावे. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजून लिहिले ते एवढेच, आणि ते आजही खरे आहे.